आयआरएफ ५१० पुश-पुल लिनिअर: बायस सर्किट कसं बदलावं?

डबल_साइडबँड

एचएफचा (शॉर्टवेव्ह रेडिओचा) पुश-पुल ॲम्प्लिफायर आहे, म्हणजे दोन ट्रान्झिस्टर अर्धी-अर्धी लहर उचलतात. दोन आयआरएफ ५१० मॉसफेट, ड्रेन सप्लाय १३.८ व्होल्ट, ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) अर्धा वॅट. सध्याचं बायस (गेटला दिलेलं स्थिर डीसी व्होल्टेज) असं आहे: पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबल्यावर येणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनवर ७८एल०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर). त्याच्या आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत १० के चा सिंगल-टर्न ट्रिमर. वायपरवरून (ट्रिमरचा फिरता संपर्क) १ के मधून इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा सेंटर टॅप. सेकंडरीची दोन टोकं प्रत्येकी ४.७ ओम मधून सरळ गेटवर, आणि दोन्ही गेटच्या मध्ये ४७ ओम.

थंड असताना ड्राइव्हशिवाय दोन्हींचा मिळून करंट २०० मिलिअँपिअर लावला. पाच मिनिटं सलग दोन-टोन (एकाच वेळी दोन सुरांचा चाचणी सिग्नल) दिल्यावर ड्राइव्ह काढला तर तोच ३८० दाखवतो आणि हळूहळू खाली येतो. दोन-टोनचा आकारही स्वच्छ नाही. दोन लहरींच्या भेटीच्या जागी कापल्यासारखा चपटेपणा दिसतो. बायसचा भाग नव्याने करायचा आहे. प्रत्येक गेटला वेगळा ट्रिमर द्यावा का, तापमानाचं काय करावं आणि आयडल करंट (ड्राइव्हशिवायचा) नक्की किती ठेवावा?

टोरॉइड

वेगळा ट्रिमर हवाच. आयआरएफ ५१० च्या गेट थ्रेशोल्डची (ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर उघडायला लागतो) हमी २ ते ४ व्होल्ट इतकी सैल आहे. एकाच पट्टीतले दोन नगसुद्धा तीन-चार दशांश व्होल्टने वेगळे निघतात. एकाच व्होल्टेजवर दोघांना टांगलं की एक सगळा करंट ओढतो आणि दुसरा जवळपास बंद राहतो. मीटरवर २०० दिसतात, पण ते १००-१०० नसतात. चपटेपणाचं कारण बहुधा हेच: अर्ध्या लहरीचा धनी क्लास सी मध्ये आहे, म्हणजे फक्त शिखराजवळच चालू होतो.

आधी खात्री करा. एका ट्रान्झिस्टरचा ड्रेन सप्लायपासून सोडवा, दुसऱ्याचा करंट वाचा, मग उलट करा. ट्रिमरला हात लावू नका.

आणि वेगळे ट्रिमर लावायचे तर सेंटर टॅपवरून बायस देता येणार नाही. सेकंडरीची वायर डीसीला शॉर्ट असते, दोन्ही गेट तिथेच एक होतात. ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक मालिकेत टाका. १.८ मेगाहर्ट्झलाही त्याचा अडथळा एका ओमपेक्षा कमी आहे, त्यामुळे गेन कमी होणार नाही. सेंटर टॅप थेट ग्राउंडला न्या.

डबल_साइडबँड

मोजलं. एक १६५, दुसरा ३५.

ग्राउंडप्लेन

मग निदान झालं. नवा भाग असा करा, प्रत्येक गेटला एक संच:

७८एल०५ चे ५ व्होल्ट, १ के, मग ५ के चा मल्टिटर्न ट्रिमर, खाली ३.३ के ग्राउंडला. वायपर ते ग्राउंड ४७ के. वायपरवरच ०.१ मायक्रोफॅरड आणि १० नॅनोफॅरड. तिथून १ के मधून गेट. रेंज साधारण १.७ ते ४.४ व्होल्ट मिळते. वरचा १ के असल्यामुळे ट्रिमर चुकून टोकाला गेला तरी पूर्ण ५ व्होल्ट गेटवर जात नाहीत, आणि सगळी रेंज कामाच्या पट्ट्यात पसरते म्हणून स्क्रू फिरवताना हात सावरतो. ४७ के चं काम एकच: वायपरचा संपर्क सुटला तर गेट शून्यावर ओढणं. गेट तरंगत राहिला तर ट्रान्झिस्टर स्वतःच्या मर्जीने उघडतो.

कोल्ड_जॉइंट

@ग्राउंडप्लेन, वायपरचं बरोबर, पण ट्रिमरच्या ट्रॅकचा विचार राहिला. ट्रिमर जुना झाल्यावर वायपर जसा उचलला जातो तसंच ट्रॅकचं खालचं टोक रिव्हेटपासून सुटतं. तुमच्या जोडणीत ते टोक सुटलं की खालचा ३.३ के निघून जातो आणि गेटवर साडेचार ते पावणेपाच व्होल्ट येतात. म्हणजे एकेका ट्रान्झिस्टरमधून एक अँपिअरच्या वर करंट, तोही ड्राइव्ह नसताना.

ट्रिमर फक्त वरच्या हातात ठेवा, नुसता बदलता रेझिस्टर म्हणून:

५ व्होल्ट, ६८० ओम, १० के ट्रिमर (वायपर आणि एक टोक एकत्र जोडलेलं), मग जोड-बिंदू, जोड-बिंदूपासून ग्राउंडला पक्का ४.७ के. गेटचा १ के याच जोड-बिंदूवरून.

पूर्ण रोध असताना ५ × ४.७ ÷ १५.३८, म्हणजे १.५३ व्होल्ट. ट्रिमर शून्यावर ५ × ४.७ ÷ ५.३८, म्हणजे ४.३७ व्होल्ट. वायपर सुटला तर पूर्ण १० के मध्ये येतो आणि बायस १.५३ ला पडतं. ट्रॅक तुटला तर बायस आणखी खाली जातं. दोन्ही बाजूंनी ट्रान्झिस्टर बंद होतो, उघडत नाही. ४७ के ची गरजही संपली, कारण ४.७ के कायम ग्राउंडला आहेच.

तोटा एकच: स्केल सरळ रेषेत चालत नाही. ट्रिमरच्या शेवटच्या दोन-तीन के मध्ये व्होल्टेज झरझर वाढतं. पंचवीस फेऱ्यांच्या ट्रिमरला ते जड जात नाही.

ग्राउंडप्लेन

मान्य, ही जोडणी माझ्यापेक्षा सुरक्षित आहे. ६८० ओम काढून टाकू नका एवढंच म्हणेन. काहींना तो फालतू वाटतो आणि ते तिथे सरळ वायर टाकतात. मग ट्रिमर टोकाला गेला की गेटवर पूर्ण ५ व्होल्ट.

टोरॉइड

ट्रिमर सर्मेटचा, बहुफेऱ्यांचा घ्या. कार्बनचा उघडा सिंगल-टर्न इथे चालत नाही. गेटवर २० मिलिव्होल्ट हलले तर १०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट आठ-दहा मिलिअँपिअर बदलतो, आणि त्या ट्रिमरला टेबलाचा धक्का पुरतो.

डबल_साइडबँड

दोन्ही संच @कोल्ड_जॉइंट यांच्या आकड्यांनी बसवले. ०.१ चे ब्लॉकिंग कपॅसिटर टाकले, सेंटर टॅप ग्राउंडला. तरी एक ट्रिमर फिरवला की दुसऱ्या गेटचं व्होल्टेजही हलतं. दोन्ही गेट नेहमी जवळपास एकाच व्होल्टेजवर.

कोल्ड_जॉइंट

४७ ओम अजून दोन गेटच्या मध्ये आहे का? मग कपॅसिटर असून नसल्यासारखे. डीसी त्या ४७ ओममधून इकडून तिकडे जातो. तो काढून ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, कपॅसिटरच्या अलीकडे, सेकंडरीच्या दोन टोकांवर लावा. आरएफला (रेडिओ सिग्नलला) फरक पडत नाही.

याचाच दुसरा प्रकार जास्त घातक आहे म्हणून इथेच लिहितो. काही सर्किटमध्ये लोडिंगचा ४७ ओम गेटपासून ग्राउंडला असतो. तो तसाच ठेवून गेटला १ के मधून बायस दिलं तर १ के आणि ४७ ओमचा विभाजक बनतो. ३.३ व्होल्ट दिले तर गेटवर ०.१५ व्होल्ट. ट्रिमर कितीही फिरवा, करंट शून्य. मग मंडळी ७८एल०५ काढून जास्त व्होल्टेज देतात, आणि एक दिवस त्या ४७ ओमचा जोड सुटला की गेटवर सगळं येतं.

डबल_साइडबँड

तोच दोष होता. आता दोन्ही स्वतंत्र आहेत. धन्यवाद.

हीटसिंक

आता तापमान. बऱ्याच जणांचा समज असतो की मॉसफेट आपोआप सावरतो, गरम झाला की करंट कमी करतो. ते खरं आहे, पण मोठ्या करंटला. गेट थ्रेशोल्ड प्रत्येक अंशाला पाच-सहा मिलिव्होल्टने खाली येतो, त्यामुळे करंट वाढतो. त्याच वेळी चॅनलमधले वाहक मंदावतात, त्यामुळे करंट घटतो. या दोन परिणामांची बरोबरी जिथे होते ती जागा आयआरएफ ५१० मध्ये आपल्या १०० मिलिअँपिअरच्या बरीच वर आहे. आयडलच्या जागी थ्रेशोल्डचाच वरचष्मा असतो. म्हणून तुमचे २०० चे ३८० झाले. गेटचं व्होल्टेज स्थिर ठेवणं पुरेसं नाही, ते तापमानाबरोबर उतरायला हवं.

उपाय: खालच्या ४.७ के च्या जागी तीन भाग. २.७ के मालिकेत, आणि त्याच्या खाली २.७ के व १० के चा एनटीसी थर्मिस्टर (तापल्यावर रोध घटणारा; २५ अंशांना १० के, बी साधारण ३९५०) समांतर.

आकडे तपासून घ्या. २५ अंशांना १० के आणि २.७ के समांतर म्हणजे २.१३ के, अधिक २.७, एकूण ४.८३ के. ६५ अंशांना थर्मिस्टर साधारण २.१ के होतो. समांतर १.१८ के, एकूण ३.८८ के. बायस थंडीत ३.५ व्होल्ट लावलं असेल तर वरचा हात २.०७ के असतो, आणि ६५ अंशांना बायस ३.२६ होतं. चाळीस अंशांत २४० मिलिव्होल्ट, म्हणजे दर अंशाला सहा. कमी थ्रेशोल्डचा ट्रान्झिस्टर असेल आणि बायस ३.२ असेल तर उतार साडेसहाच्या आसपास जातो, तेही चालतं. ट्रिमरची रेंज जवळपास तशीच, १.५६ ते ४.३८ व्होल्ट.

समांतरच्या २.७ के मुळे आणखी एक गोष्ट साधते. थर्मिस्टरची वायर तुटली तर खालचा हात ५.४ के होतो आणि ३.५ व्होल्टचे ३.६२ होतात. आयडल १०० चं दीडशेच्या आसपास जाईल, ट्रान्झिस्टर जाणार नाही. नुसता थर्मिस्टर खालच्या हातात ठेवणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही. वायर तुटली की बायस वर उडतं.

बेस_एमिटर

इतकी खटपट कशाला? खालच्या हातात दोन १एन४१४८ डायोड मालिकेत ठेवून हीटसिंकला चिकटवले तर? प्रत्येकाचे उणे दोन मिलिव्होल्ट, दोघांचे चार.

हीटसिंक

चार मिळत नाहीत. डायोड विभाजकाच्या तळाशी आहेत, आणि त्यांच्यातला बदल जोड-बिंदूवर पोचताना वरचा हात भागिले एकूण रोध या प्रमाणात कापला जातो. वरचा हात अडीच के आणि खालचा ४.७ के धरला तर ०.३५. म्हणजे चारचे १.४ मिलिव्होल्ट. हवेत सहा. हा विभाजक थर्मिस्टरलाही लागू आहे, पण थर्मिस्टरचा बदल इतका मोठा असतो की कापून उरलेलाही पुरतो.

डायोड चालतात ते विभाजकाच्या नंतर, बफरच्या वाटेत ठेवले तर. त्यासाठी एमिटर फॉलोअर किंवा ऑप-ॲम्प लागतो. करता येईल, पण दोन गेटसाठी दोन बफर आणि त्यांत घुसणारा आरएफ, एवढा पसारा या आकाराच्या ॲम्प्लिफायरला नको.

थर्मिस्टर कुठे लावायचा हे महत्त्वाचं आहे. आयआरएफ ५१० चा टॅब ड्रेनला जोडलेला असतो, तिथे पूर्ण सप्लाय आणि सगळा आरएफ आहे. थर्मिस्टर टॅबवर नाही, टॅबच्या शेजारी हीटसिंकवर बसवा. छोटं भोक, त्यात पेस्ट, वर क्लिप. वायर पिळून घ्या आणि थर्मिस्टरच्या दोन टोकांवर बोर्डच्या बाजूला १० नॅनोफॅरड टाका. नाहीतर वायरीवर आलेला आरएफ बायसमध्ये मिसळतो, आणि ड्राइव्ह दिल्यावर बायस सरकतं. आरडी१६एचएचएफ१ हा आरएफसाठीचा मॉसफेट वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण त्याचा टॅब सोर्सला म्हणजे ग्राउंडला असतो. मात्र त्याच्या पायांचा क्रम वेगळा आहे, गेट-सोर्स-ड्रेन. आयआरएफ ५१० चा गेट-ड्रेन-सोर्स. बोर्ड तसाच ठेवून अदलाबदल करू नका.

स्पेक्ट्रम_वाचक

प्रत्येक गेटला थर्मिस्टर वेगळा हवा का? की एकावर भागेल?

हीटसिंक

दोन वेगळे. पंचवीस अंशांना दोघांचा रोध मोजून जवळचे निवडले की पुरे.

टोरॉइड

बायस लावण्याची पद्धत क्रमाने लिहितो. निम्मे आयआरएफ ५१० याच वेळी जातात.

ड्राइव्हची वायर काढून ठेवा, आउटपुटवर ५० ओमचा डमी लोड. दोन्ही ट्रिमर आधीच पूर्ण रोधावर. ड्रेन सप्लाय न जोडता पीटीटी दाबा आणि दोन्ही गेटवर दीड व्होल्टच्या आसपास दिसतात का पाहा. हे पाहिल्याशिवाय ड्रेनला सप्लाय देऊ नका. ट्रिमर कोणत्या दिशेला फिरवल्यावर व्होल्टेज वाढतं हेही इथेच समजून घ्या. उलटी दिशा हे ट्रान्झिस्टर जाण्याचं सगळ्यात साधं कारण आहे.

आता करंट लिमिट १ अँपिअरला लावलेल्या सप्लायवरून ड्रेन जोडा, मध्ये अमीटर. पीटीटी दाबल्यावर जे काही दिसेल (रिले वगैरेंचं) ते लिहून ठेवा. पहिला ट्रिमर हळू. सुरुवातीच्या बऱ्याच फेऱ्यांत काहीच होत नाही आणि मग एका फेरीत करंट धावतो, म्हणून घाई नको. १०० मिलिअँपिअर वाढले की थांबा. मग दुसरा, आणखी १०० वर. पाच मिनिटं पीटीटी दाबून ठेवून दोन्ही पुन्हा पाहा, गरज असेल तर सारखे करा.

मीटरच्या लांब वायरी ड्राइव्ह देताना काढा. त्यांच्यात आरएफ शिरतो आणि वाचन खोटं येतं.

आणखी एक तपासणी, दर वेळी करावी अशी. गेटच्या १ के रेझिस्टरच्या दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजा. मॉसफेटच्या गेटमध्ये डीसी जात नाही, म्हणून दोन्ही बाजूंना एकच आकडा हवा. अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर गेटमधून अर्धा मिलिअँपिअर गळतोय, म्हणजे तो गेट आतून फुटलेला आहे. असा ट्रान्झिस्टर काही दिवस चालतोही, पण बायस कधीच टिकत नाही. तो बदला.

डबल_साइडबँड

पहिला ८० पर्यंत नीट आला. दुसरा ६० च्या पुढे नेला की एकदम ९०० वर उडी. ट्रिमर मागे घेतला तरी लगेच खाली येत नाही, बराच मागे न्यावा लागतो. थ्रेशोल्ड इतका तीव्र असतो का?

कोल्ड_जॉइंट

तो बायसचा करंट नाही, ॲम्प्लिफायर ऑसिलेट होतोय. खूण तुम्हीच लिहिली आहे: उडी, आणि मागे येताना वेगळ्या जागी सुटणं. बायसने करंट चढतो तो सलग चढतो, आणि त्याच वाटेने उतरतो.

आधी एकच ट्रान्झिस्टर काम करत होता आणि दुसरा झोपलेला होता, म्हणून एकूण गेन कमी होता. दोन्ही जागे झाले की गेन वाढतो, आणि आधीपासून असलेली फीडबॅकची वाट आता पुरी पडते. बायस सुधारल्यावर ऑसिलेशन सुरू होणं हे म्हणूनच नेहमीचं आहे.

बोर्डवर पाहा. ४.७ ओम आता कुठे आहेत? ब्लॉकिंग कपॅसिटर टाकताना ते ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला राहिले असतील. ते गेटच्या पायाला चिकटून हवेत, वायर दोन-तीन मिलिमीटरची. ४.७ वर थांबला नाही तर १० ओम करा. मग ड्रेनपासून गेटला फीडबॅक: ४७० ओम, त्याच्या मालिकेत ०.१ मायक्रोफॅरड. कपॅसिटर विसरलात तर ड्रेनचे १३.८ व्होल्ट ४७० ओममधून थेट गेटवर येतील, बायसचा प्रश्नच उरणार नाही. रेझिस्टर २ वॅटचा, कार्बन किंवा मेटल ऑक्साइड. वायरवाउंड नको, तो इथे कॉइल होतो.

ऑसिलेशन शोधायला डमी लोडवर डायोडचा आरएफ प्रोब लावा. ड्राइव्हशिवाय तिथे काहीही व्होल्टेज दिसलं तर ते ऑसिलेशनच. प्रोब शांत असेल तरच पुढच्या करंटवर विश्वास ठेवा.

डबल_साइडबँड

४.७ ओम खरंच चुकीच्या बाजूला होते, गेटपासून दोन सेंटिमीटर. गेटच्या पायाशी १० ओम लावले, फीडबॅकही दिला. उडी गेली. १०० आणि १०० वर सहज बसतात.

बेस_एमिटर

याच धर्तीवर बायपोलरचा क्लास सी ॲम्प्लिफायर एसएसबीसाठी (सिंगल साइडबँड, आवाज पाठवण्याची पद्धत) बदलता येईल का? दोन ट्रान्झिस्टर, १०० वॅट, १३.८ व्होल्ट. बेसचे चोक सध्या ग्राउंडला आहेत.

टोरॉइड

तत्त्व तेच. चोकचं ग्राउंडचं टोक उचलून तिथे बायस द्यायचं. पण वरचं सर्किट तिथे चालणार नाही. मॉसफेटच्या गेटला करंट लागत नाही, म्हणून दोन-अडीच के चा विभाजक पुरतो. बायपोलरचा बेस करंट मागतो. १०० वॅट आउटपुट, कार्यक्षमता निम्मी धरली तर सप्लायमधून साडेचौदा अँपिअर. करंट गेन वीस असेल तर बेसना पाऊण अँपिअरच्या आसपास पोचवायला हवा, आणि तो देताना ०.६५ व्होल्ट हलता कामा नये. स्रोताचा अंतर्गत रोध ०.०५ ओम असला तरी तिथे तीस-पस्तीस मिलिव्होल्ट पडतात. म्हणून चोकसुद्धा जाड तारेचा हवा. बारीक तारेच्या तयार चोकचा स्वतःचा डीसी रोध एखादा ओम असतो, आणि त्यातच बायस मरतं.

बायस पडलं की होतं असं: आयडल करंट अगदी बरोबर दिसतो, हळू बोललं तर आवाज छान येतो, आणि जोरात बोलल्यावर शिखरांना ट्रान्झिस्टर क्लास सी मध्ये सरकतो. शेजारच्या स्टेशनांवर फवारा उडतो. नुसतं आयडल मोजून हे कधीच कळत नाही. पूर्ण ड्राइव्हला बेसच्या बायपास कपॅसिटरवर डीसी मोजा. आयडलच्या तुलनेत तो ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त पडला तर स्रोत कमकुवत आहे.

तिथे बायपासही मोठा हवा: १० नॅनोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड आणि त्यांच्याबरोबर काही शे मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, कारण बेसचा करंट आवाजाच्या गतीने वरखाली होतो. आणि संवेदक डायोड किंवा ट्रान्झिस्टर पॉवर ट्रान्झिस्टरच्या शेजारीच घट्ट हवा. बायपोलरमध्ये थर्मल रनअवे (तापला की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो) मॉसफेटपेक्षा वेगाने होतो आणि तो थांबत नाही.

नवा_सोल्डर

मग मॉसफेटच्या गेट बायसलाही १०० मायक्रोफॅरड लावला तर आणखी स्थिर नाही का होणार?

ग्राउंडप्लेन

नको. पीटीटीबरोबर बायस चालू-बंद होतं. दीड-दोन के आणि १०० मायक्रोफॅरड म्हणजे जवळपास ०.२ सेकंद. मोर्समध्ये पहिला ठिपका कापला जाईल, आणि पीटीटी सोडल्यावर ट्रान्झिस्टर तेवढा वेळ उघडा राहील. ०.१ मायक्रोफॅरडला हेच काम मिलिसेकंदाच्या आत होतं.

बायस पीटीटीवरच चालू-बंद करा, कायम चालू ठेवू नका. कायम ठेवलं तर रिसीव्हच्या वेळी ट्रान्झिस्टरची खरखर रिसीव्हरमध्ये येते आणि १३.८ व्होल्टला २०० मिलिअँपिअर म्हणजे पावणेतीन वॅट विनाकारण तापत राहतात. ज्यांच्याकडे तयार टीएक्स लाइन (ट्रान्समिटच्या वेळीच व्होल्टेज देणारी) नाही त्यांनी ७८एल०५ च्या आधी एक बीसी५५७ (पीएनपी ट्रान्झिस्टर) टाकावा: एमिटर १३.८ ला, कलेक्टर ७८एल०५ ला, बेस-एमिटरमध्ये १० के, बेसपासून १० के मधून पीटीटीची ग्राउंड होणारी लाइन. क्रम असा हवा की अँटेना रिले आधी पूर्ण बसेल, मग बायस, मग ड्राइव्ह. सोडताना उलट.

७८एल०५ च्या इनपुट आणि आउटपुटवर ०.१ मायक्रोफॅरड पायांना लागून हवेत. आरएफ शिरला की ते पाचचे साडेचार किंवा साडेपाचही दाखवतात, आणि दोष ट्रिमरवर येतो.

स्पेक्ट्रम_वाचक

आयडल किती, हा मूळ प्रश्न राहिला. आयआरएफ ५१० ला १३.८ व्होल्टवर प्रत्येकी १०० ही चांगली सुरुवात आहे, पण अंतिम आकडा दोन-टोनवर ठरवा. ७०० आणि १९०० हर्ट्झ, दोन्ही सारख्या उंचीचे, हव्या त्या पूर्ण शिखर-शक्तीपर्यंत. बायस कमी असेल तर लहरींच्या भेटीची जागा चपटी दिसते, बरोबर असेल तर ती फुलीसारखी धारदार असते. स्पेक्ट्रमवर तिसऱ्या क्रमाची उत्पादनं (दोन टोनच्या मिसळीतून शेजारी उगवणारे नको असलेले सिग्नल) पाहा. ८० पासून २०-२० ने वर जा. एका जागेनंतर सुधारणा थांबते आणि फक्त उष्णता वाढते. त्याच्या एक पायरी अलीकडे थांबा.

शिखरं वरून चपटी दिसत असतील तर ते बायसचं काम नाही, ड्राइव्ह जास्त आहे. बायस वाढवून ते सुटत नाही. आणि आकडे सांगताना उत्पादन प्रत्येक टोनच्या खाली की शिखर-शक्तीच्या खाली हे लिहा, दोन्हींत सहा डेसिबलचा फरक आहे.

ड्रेन सप्लाय वाढवणार असाल तर बायस पुन्हा लावा. २८ व्होल्टला तेच २०० मिलिअँपिअर साडेपाच वॅट होतात.

डबल_साइडबँड

थर्मिस्टर बसवून सगळं पूर्ण केलं. प्रत्येकी १२० वर सगळ्यात चांगलं दिसतं, १४० ला फरक नाही. तिसऱ्या क्रमाचं उत्पादन प्रत्येक टोनच्या खाली आधी २२ डेसिबल होतं, आता २९. चपटेपणा गेला. हीटसिंक ६० अंशांना असताना एकूण आयडल २४० चं २५५.

एक गोष्ट अजून दिसते. सलग दोन-टोन थांबवल्यावर पहिले काही सेकंद आयडल ३०० च्या जवळ असतो, मग २५५ ला येतो. भरपाई कमी पडतेय का?

हीटसिंक

नाही, ती चिपची स्वतःची उष्णता आहे. चिप ते टॅब वॅटला साडेतीन अंश. वर इन्सुलेशन पॅडचा साधारण एक. एका ट्रान्झिस्टरमध्ये १५ वॅट जळत असतील तर चिप हीटसिंकपेक्षा ६७ अंशांनी गरम असते. थर्मिस्टरला ते दिसत नाही, त्याला फक्त हीटसिंक दिसतो. ड्राइव्ह थांबला की चिप काही सेकंदांत हीटसिंकच्या जवळ येते आणि करंट बसतो.

यासाठी भरपाई वाढवू नका. वाढवलीत तर हीटसिंक गरम असताना आयडल ८० वर येईल आणि चपटेपणा पुन्हा दिसेल. तो क्षणिक वाढीव करंट कमी करायचा असेल तर पॅड पातळ किंवा मायकाचा घ्या, पेस्टचा थर कागदाइतका ठेवा आणि टॅबचा स्क्रू नीट ओढा. हीटसिंक ६० अंशांना असताना चिप १२७ वर आहे. मर्यादा १७५ ची आहे.

कोल्ड_जॉइंट

ट्रिमरच्या स्क्रूवर लाखेचा एक थेंब टाका, बोर्डवर दोन्ही गेटचं थंडीतलं व्होल्टेज पेन्सिलने लिहून ठेवा. पुढे कधी करंट बदललेला दिसला तर आधी तेच व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज तेच आणि करंट वेगळा असेल तर ट्रान्झिस्टर पाहा. व्होल्टेज हललं असेल तर ट्रिमर, थर्मिस्टरची वायर आणि ७८एल०५, याच क्रमाने.